कापलेला कोपरा

दहावीच्या सराव परीक्षेत मी कॉपी केली होती, हे माझ्या नवऱ्याला माहीत आहे. लहानपणी स्वतःचे केस स्वतःच कापून शेजारच्या ताईचं नाव पुढे केलं होतं, हे सगळ्या घराला माहीत आहे. माझ्या खोटेपणाचे हे किस्से पाहुणे आले की निघतात, आणि मीही त्यांना तिखटमीठ लावते. पण एक गोष्ट त्या किश्शांत कधी आली नाही. नवऱ्यापुढे नाही, आईपुढे नाही, एकटी असताना आरशापुढेही नाही. आज तुमच्यापुढे काढतेय. तुमच्याचपुढे का? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. म्हणजे यातही थोडा भित्रेपणा आहेच.

सुरुवात पोळपाटापासून करायला हवी. पण नको — थेट तिथं गेले तर घाईघाईत मी काहीतरी गाळीन, मला माझी सवय ठाऊक आहे. आधी शिक्षणाचं सांगते.

मी नाशिकलाच एम.डेस. केलं, ह्युमन सेंटर्ड डिझाइनमध्ये. मराठीत मानवकेंद्री डिझाइन म्हणतात, पण तसं म्हटलं की माणसं आणखीच गोंधळतात. माझे वडील सरकारी कचेरीत क्लार्क होते. प्रवेश घेतला त्या दिवशी त्यांनी विचारलं, "म्हणजे शिकून नक्की बनवणार काय?" मी ऐटीत सांगितलं की आधी माणसाजवळ बसायचं, त्याचं काय अडतं ते बघायचं, आणि मग त्याच्यासाठी वस्तू बनवायची. ते म्हणाले, "एवढ्यासाठी दोन वर्षं?" तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, मला दोन वर्षं पुरली नाहीत.

शेवटच्या वर्षी प्रकल्प असतो. मी विषय घेतला — एका हातानं स्वयंपाक. पक्षाघातानं एक बाजू गेलेल्या बायकांना स्वयंपाकघरात काय करता येईल, असा. विषय मोठ्या तोऱ्यात घेतला आणि तीन महिने नुसती हिंडत राहिले. सहा बायकांना भेटले. त्यांची वाक्यं पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून स्टुडिओच्या भिंतीवर चिकटवली. बाकीच्यांची मॉडेलं टेबलावर उभी राहायला लागली होती आणि माझ्याकडे चिठ्ठ्या होत्या, पंखा लावला की फडफडणाऱ्या. मला काही सुचत नव्हतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. नुसतं सांगते.

सातवा पत्ता एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिला. ओझरचा.

पगारे काका विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. फिटर म्हणजे दुसऱ्यानं काढलेलं ड्रॉइंग वाचून, लोखंड कापून-घासून, केसभरही फरक पडू न देता भाग बनवणारा माणूस. घरातही शर्ट खोचलेला, चष्मा दोरीला, खिशात दोन पेनं आणि सहा इंची स्टीलची पट्टी. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि शेजारी निरोपसमारंभाचा फोटो. वरून विमान गेलं की काका बोलता बोलता थांबायचे, आवाज पुरता विरेपर्यंत ऐकायचे आणि वाक्य जिथं सोडलं तिथून पुढे चालू करायचे.

सुमनकाकू चांदवडकडच्या. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलेलं. शब्द जड यायचे, पण म्हणून गप्प बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. मी वही काढायच्या आत म्हणाल्या, "आधी पोळी खा. लिवायचं मंग लिव." आणि त्यांनी माझ्यासमोर डाव्या हातानं पोळी लाटली. गोल. माझ्या दोन हातांच्या पोळीपेक्षा गोल.

तर तो काकांनी घरीच बनवलेला पोळपाट. खाली जुनी बेअरिंग बसवलेली, त्यामुळे तो चाकासारखा फिरायचा. लाटण्याला दोन बाजूंच्या मुठींऐवजी वरून एकच मूठ, इस्त्रीला असते तशी. एवढं कुणालाही सुचलं असतं — मला सुचलं नव्हतं, पण सुचू शकलं असतं. खरी कमाल पुढेच होती. फिरता पोळपाट लाटताना हलता कामा नये ना? त्यासाठी उजव्या अंगाला एक गादी लावलेली फळी होती. काकूंचा लुळा हात त्या फळीवर ठेवलेला. त्या हाताच्या नुसत्या वजनानं रबराचा एक तुकडा पोळपाटाच्या कडेवर दाबला जायचा आणि पोळपाट जागच्या जागी थांबायचा. वळवायचा असला की काकू खांदा जरासा उचलायच्या, तेवढा जीव खांद्यात उरला होता. रबर सुटायचं. डाव्या हातानं पोळपाट पाव फेरा फिरवायचा, खांदा सोडायचा, की पुन्हा घट्ट.

"दोन वरीस ह्यो हात नुसता सांभाळत व्हते," काकू म्हणाल्या. "आता ह्यो बी कामाला लागला."

त्या क्षणी मला काय वाटलं, सांगू? आनंद वाटायला हवा होता. मला हेवा वाटला. एका म्हाताऱ्या फिटरचा हेवा. मी काकूंचं वाक्य वहीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

इथवर माझं काही चुकलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले. आता तेही नक्की सांगता येत नाही.

मी तिथं चार-पाचदा गेले. संमतीपत्रावर सही घ्यायची असते, ती घेतली. बाकीचे लोक न वाचता सही करतात, काकांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग विचारलं, "हितं लिवलंय, माहिती वापरली जाईल. माहिती म्हंजी काय?" मी म्हटलं, तुमचं काय अडतं, ती माहिती. "आमचं अडलेलं तर सुटलंय," ते हसले आणि त्यांनी सही केली. मीही हसले.

शेवटच्या खेपेला त्यांनी मला ड्रॉइंग दिलं. मी मागितलं नव्हतं. जाड कार्डशीटवर, पेन्सिलीनं, पोळपाट समोरून, वरून आणि बाजूनं, सगळी मापं देऊन. अशा ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. वस्तूचं नाव, प्रमाण, 'काढले' पुढे काढणाऱ्याचं नाव आणि 'तपासले' पुढे तपासणाऱ्याचं. काकांनी पेन्सिलीला टोक करता करता, माझ्याकडे न बघता सांगितलं, "छत्तीस वर्सं लोकांनी काढलेल्या ड्रॉइंगवर काम केलं. फिटरचं नाव हितं कधी येत नाय. हे पहिलं." 'काढले' पुढे त्यांनी शाईनं लिहिलं होतं — दा. गं. पगारे, फिटर.

'तपासले' रिकामं होतं. "काढणारा अन् तपासणारा एकच असला तर कागद कारखान्याच्या शॉपमधी घेत नाय," ते म्हणाले. "तू शिकलेली हायेस. नीट बघ अन् सही कर. झेरॉक्स काढ, अन् हा मला परत आणून दे."

मी सही केली. नीट बघितलं का? — नाही. एकही माप पाहिलं नाही. मला नाशिकची, द्वारका चौकाकडे जाणारी बस गाठायची होती.

त्या आठवड्यात आमच्या मार्गदर्शक सरांना काम दाखवायचं होतं. मी पोळपाटाचे फोटो टेबलावर मांडले. सर बराच वेळ बघत राहिले. त्यांना इतकं गुंतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "छान आहे. यात तुझं काय?"

सरळ प्रश्न होता. त्याला सरळ उत्तर होतं.

मी म्हणाले, "कल्पना मीच दिली होती, सर. काकांनी घरी करून पाहिली."

हे वाक्य मी किती वेळा उलटून-पालटून पाहिलंय. त्यात अडखळणं नव्हतं. आवाज कापला नाही. सर रागावले होते का? नाही. नापास करण्याची भीती घातली होती का? तीही नाही. मी खरं सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते, तेही मला तेव्हा ठाऊक होतं — त्यांच्याबरोबर पुढचं काम कर आणि दोघांची नावं लाव. तसेच होते ते. दोघांची नावं. मला ते नको होतं. मला एकटीचं हवं होतं.

पुढचं सगळं त्या एका वाक्याच्या मागोमाग आलं. अहवालात काकू 'सहभागी क्रमांक सात' झाल्या. काका तर तेवढेही उरले नाहीत. त्यांच्याबद्दल मी लिहिलं, 'सहभागी सातच्या पतीने नमुना वापरून पाहण्यास मदत केली.' आणि काकूंचं ते वाक्य, हात कामाला लागल्याचं, मी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत घातलं. त्याखाली माझं नाव.

तुम्हाला वाटेल, एवढंच. अहवालात लोक थोडंफार करतात. मलाही सांगताना इथंच थांबावंसं वाटतंय.

कटरचं राहिलंय.

अहवालाला सुरुवातीची कच्ची रेखाटनं जोडावी लागतात, कल्पना कशी वाढत गेली ते दिसावं म्हणून. माझी कल्पना वाढलीच नव्हती, रेखाटनं कुठून येणार? माझ्याकडे काकांचा कागद होता. दुपारची वेळ, सगळे कँटीनला गेलेले. मी कार्डशीट टेबलावर पसरलं, पट्टी लावली आणि खालचा कोपरा कापला. पोस्टकार्डाएवढा. कागद जाड होता, कटर दोनदा फिरवावं लागलं. दोनदा — म्हणजे मधे थांबायला वेळ होता. तुकडा टेबलाखालच्या टोपलीत टाकला, थर्माकोलच्या चुऱ्यात. उरलेला कागद 'प्राथमिक रेखाटन' म्हणून अहवालात लावला. मग तेच ड्रॉइंग कॉम्प्युटरवर स्वच्छ काढलं. 'काढले' पुढे माझं नाव टाइप केलं. 'तपासले' रिकामं सोडलं, कारण कॉलेजात ते कुणी भरत नाही.

छत्तीस वर्षांनी त्या माणसाचं नाव एका चौकटीत आलं होतं. मी ते पुरते दोन आठवडेही राहू दिलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी वस्तू वापरणाऱ्यांना बोलवायचं असतं. मी फोन केला, पण काय म्हटलं माहीत आहे? काकूंना उगाच दगदग नको, नाही आलात तरी चालेल. त्यावर काका म्हणाले, ती नाय येणार, पण मी येतो. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. हातात स्टीलचा डबा. "तिनं पाठवल्यात. त्याच पोळपाटावरच्या हायेत."

मी डबा घेतला. ते भिंतीवर लावलेल्या ड्रॉइंगकडे गेले. इतर सगळे पाहुणे आधी मॉडेल बघत होते, हात लावून, फिरवून. काका मॉडेलजवळ थांबलेही नाहीत. फिटर कागद हातात आला की आधी कोपरा वाचतो. त्यांनी चष्मा चढवला, वाकले, आणि माझ्या नावाखाली त्यांचं बोट येऊन थांबलं.

विमान जाताना थांबायचे, तसेच थांबले. मी डबा धरून शेजारी उभी.

काहीतरी बोला, असं मला वाटत होतं. ओरडा. सरांना बोलवा. त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि ड्रॉइंग वाचायला लागले. रेघ न् रेघ, माप न् माप. मग हळूच, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाले, "खूण चुकली हाय."

ड्रॉइंगवर एक बारीक खूण असते. कागदावरचं कुठलं चित्र वस्तूच्या कुठल्या बाजूचं आहे, ते तिच्यावरून कळतं. आपल्याकडे एक पद्धत चालते, अमेरिकेत दुसरी. मी कॉम्प्युटरमधला तयार कागद घेतला होता, त्यावर अमेरिकेची खूण आधीच छापलेली होती. चित्रं काकांची, आपल्या पद्धतीची. मला पत्ताच नव्हता. "असा बनवला तर जॉब उलटा व्हईल," काका म्हणाले; बनवायच्या वस्तूला ते जॉब म्हणत. "आरशातल्यावानी. फळी डाव्या अंगाला जाईल अन् तिचा चांगला हात अडकून पडंल."

ज्या कल्पनेला मी माझी म्हणत होते, ती मला धड कळलीही नव्हती. त्यांच्या कागदावर सही करण्याआधी तो वाचला असता, तर कळली असती.

त्यांनी पेन काढलं, ती खूण खोडली आणि शेजारी बरोबर खूण काढली, छापल्यासारखी. मग 'तपासले' पुढच्या रिकाम्या जागेत, माझ्या नावाखाली, सही केली. पेनाला टोपण लावलं. आणि विचारलं, "माझा कागद?"

"कॉलेजात जमा झाला, काका. परत देत नाहीत," मी म्हणाले.

जमा झाला होता तो कोपरा कापलेला कागद, एवढं मी गाळलं. हे खोटं पहिल्यापेक्षा वाईट होतं. पहिलं सरांशी बोलले होते. हे त्यांच्याशी.

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात बाहेरून आलेले परीक्षक आले आणि त्यांनी काकांना विचारलं, मॅडमनी तुमच्या घरासाठी केलेलं कसं वाटलं? काकांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग परीक्षकांना म्हणाले, "जॉब चांगला हाय. मी तपासलाय." आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले. मी त्यांना सोडायला गेटपर्यंतही गेले नाही.

मला पहिलं बक्षीस मिळालं. निकामी झालेल्या हाताला काम देण्याचा विचार फार कमी जणांना सुचतो, असं परीक्षक म्हणाले. टाळ्या वाजल्या. वडील पहिल्या रांगेत होते, त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांच्याकडे बघून हसले.

त्या पोळ्या मी खाल्ल्या. सगळ्या, त्याच दिवशी, कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर बसून. एका बाजूनं जरा जाड होत्या. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काय घालून द्यावं ते मला ठरवता येईना, आणि मग मी गेलेच नाही. डबा माझ्याकडेच आहे. झाकणावर काकूंचं नाव कोरलंय. लग्नानंतर घर बदललं तेव्हा तो सामानात आला, आणि नवऱ्यानं विचारलं, ह्या सुमनताई कोण? मी म्हटलं, आईच्या ओळखीच्या.

आता मी हाच विषय शिकवते. होय — माणसाजवळ बसा, त्याचं ऐका, त्याच्यापेक्षा स्वतःला शहाणं समजू नका, हे सगळं मी शिकवते, आणि मुलं म्हणतात बरं शिकवते. दर वर्षी पोळपाटाचे फोटो दाखवते. दर वर्षी कुणीतरी विचारतं, "मॅडम, हाताच्या वजनाचं तुम्हाला कसं सुचलं?" मी म्हणते, "बघत राहिलं की सुचतं." एकदा म्हटलेलं ते खोटं अकरा वर्षं मी दर जूनला पुन्हा म्हणतेय. मग ते जुनं कसं? ते तर दर वर्षी ताजं असतं.

काका आहेत की नाहीत, मला माहीत नाही. काकू आहेत की नाहीत, तेही नाही. जायचं धाडस होत नाही, असं लिहिणार होते. पण ओझर माझ्या घरापासून पाऊण तासावर आहे. पाऊण तासाला धाडस हा शब्द फार मोठा होतो. मी गेले नाही, एवढंच.

प्रदर्शनातला कागद माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या मागे, गुंडाळून ठेवलेला. त्याच्या कोपऱ्यात दोन ओळी आहेत. 'काढले' पुढे माझं नाव, 'तपासले' पुढे दा. गं. पगारे, फिटर. त्यांच्या कागदावरही ह्याच दोन ओळी होत्या, फक्त नावं उलटी होती. तो कोपरा आता कुठेच नाही. त्यावरची माझी सही मी न बघता केली होती. माझ्या कागदावरची त्यांची सही माप न् माप बघून केलेली आहे.

काढलं त्यांनीच होतं. तपासलंही त्यांनीच.